मानवंदना आणि स्वामित्वधन : रॉक संगीतातील ट्रिब्यूट अल्बमचा ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : ट्रिब्यूट अल्बम, कव्हर, अभिजात रॉक, सक्तीचा परवाना, स्वामित्वधन, श्रेयनामावली

प्रस्तावना :

अमेरिका व ब्रिटन या देशांत १९५०च्या दशकात उदयास आलेल्या रॉक संगीताने १९८०च्या दशकात तिशी ओलांडली. या संगीताच्या पहिल्या दोन पिढ्यांतील निवडक गीते तोपर्यंत 'क्लासिक रॉक' म्हणजेच अभिजात रॉक या नावाने ओळखली जाऊ लागली होती. ज्या संगीताने प्रारंभी परंपरेविरुद्ध बंड पुकारले, त्याची आता स्वतःचीच एक परंपरा निर्माण झाली होती. ही परंपरा जतन करण्याच्या आणि तिचा पुन्हा अर्थ लावण्याच्या प्रयत्नांतून जो ध्वनिमुद्रणप्रकार विशेष पुढे आला, तो म्हणजे 'ट्रिब्यूट अल्बम' होय. एखाद्या कलावंताची अथवा वाद्यवृंदाची गीते इतर अनेक कलावंतांनी नव्याने गाऊन एकत्रितपणे प्रकाशित करणे, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते.

संगीतसमीक्षेत या प्रकाराकडे बहुधा मूळ गीत श्रेष्ठ की नवे, या एकाच प्रश्नाच्या अंगाने पाहिले जाते. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे दोन प्रश्न आहेत. या अल्बमद्वारे सन्मान कोणाचा होतो आणि त्यातून निर्माण होणारे धन कोणाकडे जाते? ही दोन्ही उत्तरे नेहमीच एक असतात असे नाही. प्रस्तुत शोधनिबंधात या तफावतीचा ऐतिहासिक मागोवा घेण्यात आला आहे.

उद्दिष्टे :

१) कव्हर गीताला आधारभूत ठरलेल्या कायद्याचे स्वरूप समजून घेणे.
२) ट्रिब्यूट अल्बम या प्रकाराचा उदय व विकास अभ्यासणे.
३) मूळ गीतकारांच्या आर्थिक स्थितीशी असलेला या प्रकाराचा संबंध तपासणे.
४) भारतातील कायदा व व्यवहार यांच्याशी त्याची तुलना करणे.

गृहीतक : ट्रिब्यूट अल्बममुळे कलावंताचा सन्मान होतो, परंतु कायद्याने मिळणारे स्वामित्वधन श्रेयनामावलीत ज्याचे नाव असेल त्यालाच मिळते.

अभ्यासपद्धती : या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. कायदे, न्यायालयीन प्रकरणे आणि प्रकाशित अल्बम यांचा आधार घेतला असून विवेचन निवडक उदाहरणांपुरते मर्यादित आहे.

१. संज्ञाविचार

इंग्रजीतील 'ट्रिब्यूट' या शब्दाला दोन अर्थ आहेत. जित राज्याने जेत्या राज्यास द्यावयाची खंडणी हा त्याचा जुना अर्थ असून लॅटिन भाषेतील कर या अर्थाच्या शब्दापासून तो आलेला आहे. आदर व्यक्त करणे हा त्याचा दुसरा, आज अधिक रूढ असलेला अर्थ होय. मराठीत या दुसऱ्या अर्थी 'श्रद्धांजली' हा शब्द सहज सुचतो. परंतु तो दिवंगत व्यक्तीच्या संदर्भात वापरला जातो. अनेक ट्रिब्यूट अल्बम हयात कलावंतांच्या गौरवार्थ निघालेले असल्याने 'मानवंदना' हा शब्द येथे अधिक समर्पक ठरतो.

या प्रकारात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात ही बाब लक्षणीय आहे. गाणारा कलावंत स्वेच्छेने मानवंदना देतो आणि त्याच वेळी ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी कायद्याने ठरवून दिलेली रक्कम गीताच्या हक्कधारकास देते. मानवंदना मनाची असते. देणे मात्र कायद्याचे असते. या दोन प्रवाहांच्या दिशा एकच आहेत की भिन्न, हे पाहण्यासाठी प्रथम कायद्याची चौकट समजून घेणे आवश्यक ठरते.

२. कायद्याची चौकट

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत छिद्रित कागदाच्या गुंडाळ्यांवर आपोआप वाजणारे पियानो लोकप्रिय झाले. अशी गुंडाळी ही संगीतरचनेची 'प्रत' ठरत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये व्हाइट-स्मिथ विरुद्ध अपोलो या खटल्यात दिला. साहजिकच रचनाकारांना अशा गुंडाळ्यांपासून काहीही मिळेना. पुढील वर्षी, म्हणजे १९०९ मध्ये, अमेरिकन काँग्रेसने नवा स्वामित्वहक्क कायदा संमत करून रचनाकारांना यांत्रिक पुनरुत्पादनाचा हक्क दिला. मात्र एओलियन या मोठ्या कंपनीने अनेक संगीत प्रकाशकांशी आधीच करार करून ठेवले होते. त्यामुळे नव्या हक्काचे रूपांतर मक्तेदारीत होईल, अशी भीती लोकप्रतिनिधींना वाटत होती. यावर उपाय म्हणून 'सक्तीचा परवाना' ही तरतूद करण्यात आली. रचनाकाराने एकदा आपली रचना यांत्रिक स्वरूपात येऊ दिली, की त्यानंतर अन्य कोणासही ठरावीक रक्कम भरून ती रचना ध्वनिमुद्रित करण्याची मुभा मिळाली. ही रक्कम प्रतिप्रत २ सेंट होती आणि १९७७ अखेरपर्यंत ती बदलली नाही. १९७६चा कायदा १९७८ पासून अमलात आल्यावर हा दर २.७५ सेंट झाला. २००६ मध्ये तो ९.१ सेंटवर आणि २०२३ मध्ये १२ सेंटवर पोहोचला.

या तरतुदीचे तीन परिणाम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला परिणाम असा, की एकदा प्रसिद्ध झालेले गीत पुन्हा गाण्यासाठी मूळ गीतकाराची संमती आवश्यक राहिली नाही. ठरलेली रक्कम भरणे पुरेसे झाले. दुसरा परिणाम असा, की हे स्वामित्वधन शब्द व स्वररचना यांच्या नोंदलेल्या कर्त्याला अथवा त्याच्या प्रकाशकाला मिळते. ज्याच्या आवाजामुळे ते गीत लोकांच्या ओठांवर आले, त्या मूळ गायकाला नव्या आवृत्तीपासून काहीही मिळत नाही. तिसरा परिणाम असा, की नव्या कलावंताला आपल्या शैलीनुसार वाद्यसंयोजन बदलता येते. परंतु मूळ चाल व रचनेचा गाभा बदलता येत नाही. ट्रिब्यूट अल्बमचे सगळे वैविध्य याच मर्यादेत फुललेले आहे.

३. पूर्वपीठिका : १९५० व १९६०ची दशके

या कायद्याची झळ सर्वप्रथम बसली ती कृष्णवर्णीय गायकांना. १९५०च्या दशकात कृष्णवर्णीय कलावंतांची गाजलेली गीते श्वेतवर्णीय गायकांकडून त्वरित गाऊन घेण्याची पद्धत रूढ झाली. लिटल रिचर्ड यांचे १९५५ मधील 'टुटी फ्रुटी' हे गीत पॅट बून यांनी गायले आणि ते मूळ गीतापेक्षा लोकप्रियतेच्या यादीत वर गेले. 'हाउंड डॉग' हे गीत लीबर व स्टोलर या जोडीने रचले आणि बिग मामा थॉर्नटन यांनी ते १९५३ मध्ये लोकप्रिय केले. १९५६ मध्ये एल्विस प्रेस्ली यांनी गायलेल्या आवृत्तीने अमाप यश मिळवले. या यशातील स्वामित्वधन गीतकारांना मिळणे क्रमप्राप्त होते. मात्र थॉर्नटन या केवळ गायिका असल्याने त्यांना त्यात वाटा नव्हता. लाव्हर्न बेकर यांनी गाजवलेले 'ट्वीडली डी' हे गीत जॉर्जिया गिब्स यांनी जवळपास तशाच वाद्यसंयोजनासह पुन्हा गायले. तेव्हा बेकर यांनी १९५५ मध्ये काँग्रेस सदस्य चार्ल्स डिग्ज यांच्याकडे दाद मागून १९०९च्या कायद्यात दुरुस्तीची मागणी केली. त्यांची ही मागणी मान्य झाली नाही. कव्हर या प्रकाराविषयीची ती एक प्रारंभीची व महत्त्वाची तक्रार म्हणून इतिहासात तिची नोंद घ्यावी लागते.

१९६०च्या दशकात चित्र काहीसे पालटले. बीटल्स व रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश वाद्यवृंदांनी आपल्या प्रारंभीच्या अल्बममध्ये अमेरिकन गीते आदरभावाने गायली. आर्थर अलेक्झांडर या कृष्णवर्णीय गीतकार-गायकाची दोन गीते या संदर्भात उल्लेखनीय आहेत. त्यांचे 'ॲना' हे गीत बीटल्सने १९६३च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये घेतले, तर 'यू बेटर मूव्ह ऑन' हे गीत रोलिंग स्टोन्सने गायले. येथे अनुकरणाची जागा आदराने घेतली होती. परंतु आदर व्यक्त झाला म्हणून मूळ कलावंताचे दिवस पालटतातच असे नाही. पुढे संगीतव्यवसायातून बाहेर पडलेल्या अलेक्झांडर यांनी क्लीव्हलँड शहरात बसचालक म्हणून काम केले.

४. ट्रिब्यूट अल्बमचा उदय : १९८१ ते १९९५

एका कलावंताच्या रचना एकाच गायकाने गाण्याची प्रथा जुनी होती. अनेक भिन्न प्रवृत्तींच्या कलावंतांना एका रचनाकाराभोवती एकत्र आणण्याच्या कल्पनेला मात्र निश्चित रूप दिले ते अमेरिकन निर्माते हॅल विल्नर यांनी. १९८१ मध्ये त्यांनी फेलिनी यांच्या चित्रपटांचे संगीतकार नीनो रोटा यांच्या रचनांचा 'अमारकोर्ड नीनो रोटा' हा अल्बम काढला. त्यानंतर १९८४ मध्ये थेलोनियस मंक आणि १९८५ मध्ये कुर्ट वाइल यांच्यावरील अल्बम आले. जॅझ व रॉक या क्षेत्रांतील कलावंत एकाच ध्वनिमुद्रिकेवर एकत्र येऊ शकतात, हे या अल्बमनी सिद्ध केले.

रॉक संगीताने हा साचा लवकरच स्वीकारला. ब्रिटनमध्ये १९८८ साली एनएमई या संगीत साप्ताहिकाने बीटल्सच्या १९६७च्या 'सार्जंट पेपर' या अल्बमची सर्व गीते नव्या कलावंतांकडून गाऊन घेतली. बालकांसाठी काम करणाऱ्या चाइल्डलाइन या संस्थेच्या मदतीसाठी हा उपक्रम होता. त्यातील वेट वेट वेट आणि बिली ब्रॅग यांची गीते असलेली ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचली. १९८९ मध्ये अमेरिकेत नील यंग यांच्या गीतांचा 'द ब्रिज' हा अल्बम प्रकाशित झाला. त्यात पिक्सीज, सॉनिक यूथ, डायनोसॉर ज्युनिअर, निक केव्ह आदींचा सहभाग होता. वाचा व शरीर यांच्या तीव्र अडचणी असलेल्या मुलांसाठी कॅलिफोर्नियात चालणाऱ्या ब्रिज स्कूल या शाळेला त्यातून मदत झाली.

यानंतरच्या पाच-सहा वर्षांत या प्रकाराला भरती आली. १९९१ मध्ये ग्रेटफुल डेड आणि लेनर्ड कोहेन, तर १९९३ मध्ये जिमी हेंड्रिक्स आणि ईगल्स यांच्यावरील अल्बम आले. ईगल्सची गीते कंट्री गायकांनी गायलेल्या 'कॉमन थ्रेड' या अल्बमच्या अमेरिकेत तीस लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि १९९४ मध्ये त्याला कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्कृष्ट अल्बमचा पुरस्कार मिळाला. या अल्बममधील ट्रॅव्हिस ट्रिट यांच्या गीताच्या चित्रफितीसाठी ईगल्सचे सदस्य अनेक वर्षांनी एकत्र आले आणि १९९४ मध्ये हा वाद्यवृंद पुन्हा उभा राहिला. मानवंदना स्वीकारणाऱ्यालाच नवजीवन मिळाल्याचे हे ठळक उदाहरण म्हणता येईल.

या भरतीला व्यापारी बाजूही होती. सीडीचा खप वाढत होता आणि जुन्या गीतांचे नवे श्रोते तयार होत होते. गीतांसाठी संमती मागण्याची गरज नसल्याने लहान कंपन्यांनाही असे अल्बम काढणे सोपे झाले. परिणामी एकाच वाद्यवृंदाची गीते ब्लूग्रास शैलीत, तंतुवाद्यांच्या चौकडीवर किंवा यांत्रिक ठेक्यांवर बसवलेले अल्बम मालिकांच्या रूपाने बाजारात येऊ लागले. त्यांत आदर किती आणि व्यापार किती, हे ठरवणे कठीण असले, तरी त्यांतील प्रत्येक प्रतीमागे गीतकाराला त्याचे ठरलेले सेंट देणे बंधनकारक होते.

५. ऋणफेडीची उदाहरणे

ट्रिब्यूट अल्बमचे खरे सामाजिक मोल ज्या उदाहरणांत दिसते, ती बहुधा यशस्वी वाद्यवृंदांची नसून विपन्नावस्थेतील गीतकारांची आहेत.

'द ब्रिज' या अल्बममध्ये नील यंग यांचे गीत गाणाऱ्यांत व्हिक्टोरिया विल्यम्स या गीतकार-गायिका होत्या. १९९२ मध्ये नील यंग यांच्याच दौऱ्यात सहभागी असताना त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असल्याचे निष्पन्न झाले. त्यांच्याकडे आरोग्यविमा नव्हता. ज्या देशात बहुतेकांचा विमा नोकरीशी जोडलेला असतो, त्या देशात स्वतंत्रपणे काम करणाऱ्या संगीतकारासाठी ही स्थिती अपवादात्मक नव्हती. त्यांच्या उपचारखर्चासाठी सहकलावंतांनी १९९३ मध्ये 'स्वीट रिलीफ' हा अल्बम काढला. पर्ल जॅम, लू रीड, सोल असायलम, लुसिंडा विल्यम्स आदींनी त्यांची गीते गायली. यशाच्या शिखरावर असलेल्या पर्ल जॅमने गायलेले 'क्रेझी मेरी' हे गीत मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पोहोचले. गीते विल्यम्स यांनीच रचलेली असल्याने येथे मानवंदना व स्वामित्वधन या दोहोंची दिशा एकच होती. या उपक्रमातून संगीतकारांना वैद्यकीय साहाय्य देणारा कायमस्वरूपी निधीही उभा राहिला. १९९६ मध्ये या निधीसाठी दुसरा अल्बम निघाला, तो अपघातामुळे चाकाच्या खुर्चीला खिळलेल्या विक चेस्नट यांच्या गीतांचा होता.

दुसरे उदाहरण रॉकी एरिक्सन यांचे आहे. टेक्ससमधील 'थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स' या वाद्यवृंदाचे ते गायक होते. गांजा बाळगल्याच्या आरोपावरून १९६९ मध्ये त्यांना अटक झाली. वेडसरपणाचा बचाव घेतल्याने त्यांना १९७२ पर्यंत रस्क येथील सरकारी मनोरुग्णालयात राहावे लागले. पुढील काळात प्रकृती आणि व्यवहार दोन्ही विस्कळीत झाल्याने स्वतःच्या गीतांच्या उत्पन्नावर त्यांचे फारसे नियंत्रण राहिले नाही. १९९० मध्ये निर्माते बिल बेंटली यांनी आर.ई.एम., झेडझेड टॉप, प्रायमल स्क्रीम आदींना एकत्र आणून त्यांच्या गीतांचा अल्बम काढला. या अल्बमने त्यांचे नाव नव्या पिढीपर्यंत नेले. मात्र त्यांच्या जीवनात स्थैर्य आले ते २००१ मध्ये धाकट्या भावाने कायदेशीर पालकत्व घेऊन औषधोपचार व आर्थिक व्यवहार यांची घडी बसवल्यानंतर. मानवंदनेने कीर्ती परत येऊ शकते. परंतु मिळणारे धन योग्य हाती पोहोचण्यासाठी तेवढीच खंबीर व्यवस्था लागते, हे यावरून स्पष्ट होते. एरिक्सन यांचे २०१९ मध्ये निधन झाले आणि बेंटली यांनीच २०२१ मध्ये त्यांच्यावरील दुसरा अल्बम प्रकाशित केला.

काही मानवंदना उशिरा पोहोचल्या. मोबी ग्रेप या वाद्यवृंदातील स्किप स्पेन्स यांच्या १९६९ मधील 'ओर' या एकमेव एकल अल्बमवर आधारित 'मोअर ओर' हा ट्रिब्यूट अल्बम १९९९ मध्ये निघाला. त्याच्या प्रकाशनापूर्वीच, एप्रिल महिन्यात, स्पेन्स यांचे निधन झाले होते. आर्थर अलेक्झांडर यांनी १९९३ मध्ये नवा अल्बम करून पुनरागमन केले आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते निवर्तले. त्यांच्यावरील 'ॲडिओस अमिगो' हा ट्रिब्यूट अल्बम १९९४ मध्ये आला. प्रेस्ली यांच्यासाठी 'डोन्ट बी क्रूअल' रचणारे ओटिस ब्लॅकवेल यांचाही गौरव अशाच अल्बमद्वारे १९९४ मध्ये करण्यात आला. विशेष म्हणजे या गीताच्या श्रेयात ब्लॅकवेल यांच्यासोबत प्रेस्ली यांचेही नाव आहे.

६. नाव एकाचे, धन दुसऱ्याचे

ब्लॅकवेल यांच्या उदाहरणातून श्रेयनामावलीचा मूलभूत प्रश्न पुढे येतो. जिमी हेंड्रिक्स यांच्यावरील १९९३च्या 'स्टोन फ्री' या अल्बममध्ये बॉडी काउंट या वाद्यवृंदाने 'हे जो' हे गीत गायले आहे. हेंड्रिक्स यांच्या १९६६ मधील पहिल्या ध्वनिमुद्रिकेमुळे हे गीत त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. परंतु त्याचे नोंदलेले रचनाकार बिली रॉबर्ट्स आहेत. त्यामुळे या गीतापुरती मानवंदना हेंड्रिक्स यांना आणि स्वामित्वधन रॉबर्ट्स यांना, अशी विभागणी झाली. यात अन्याय झाला असे म्हणता येत नाही. उलट विस्मृतीत गेलेल्या गीतकाराचा हक्क कायद्याने शाबूत ठेवला.

कायद्याची ही ताकद जिथे श्रेय बरोबर नोंदले आहे तिथेच उपयोगी पडते. रोलिंग स्टोन्सने १९६९ मध्ये 'लव्ह इन व्हेन' हे गीत प्रसिद्ध केले, तेव्हा ध्वनिमुद्रिकेवर मूळ रचनाकार रॉबर्ट जॉन्सन यांचे नाव नव्हते. जॉन्सन १९३८ मध्येच वारले होते. या गीतावरील स्वामित्वहक्काचा वाद अमेरिकेतील अपील न्यायालयापर्यंत गेला आणि ते सार्वजनिक मालकीचे झालेले नाही, असा निर्णय २००० मध्ये लागला. त्याच वर्षी मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लॉड जॉन्सन या मालमोटारचालकाचा त्यांचे पुत्र व वारस म्हणून असलेला हक्क कायम केला. एरिक क्लॅप्टन यांनी २००४ मध्ये रॉबर्ट जॉन्सन यांच्या गीतांचा 'मी अँड मिस्टर जॉन्सन' हा अल्बम काढला, तोपर्यंत नाव व वारस हे दोन्ही प्रश्न न्यायालयातून सुटलेले होते.

लेड झेपेलिन या वाद्यवृंदाचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. त्यांच्या १९६९ मधील 'होल लोट्टा लव्ह' या गीताचे, विली डिक्सन यांनी रचलेल्या व मडी वॉटर्स यांनी १९६२ मध्ये गायलेल्या 'यू नीड लव्ह' या गीताशी साम्य होते. डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा दाखल केला, १९८७ मध्ये तडजोड झाली आणि पुढे श्रेयात त्यांचे नाव समाविष्ट झाले. ब्लूज कलावंतांना त्यांचे स्वामित्वधन मिळवून देण्यासाठी डिक्सन यांनी 'ब्लूज हेवन' ही संस्थाही स्थापन केली होती. १९९५ मध्ये लेड झेपेलिन यांच्या गौरवार्थ 'एन्कोमियम' हा अल्बम निघाला. त्यात समाविष्ट असलेल्या 'कस्टर्ड पाय' या गीताच्या शब्दांत स्लीपी जॉन एस्टेस यांच्या १९३५ मधील 'ड्रॉप डाउन मामा' या ब्लूज गीताचे पडसाद स्पष्ट ऐकू येतात. श्रेयात मात्र पेज व प्लांट ही दोनच नावे आहेत. मौखिक परंपरेतून आलेल्या ब्लूजमध्ये शब्दांची उसनवारी सर्वत्र होत होती, हे मान्य करावे लागेल. तरीही ऋण घेणाऱ्याला मानवंदना मिळताना मूळ धनको श्रेयनामावलीबाहेर राहतो, ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही.

७. मानवंदनेतून नवनिर्मिती

ट्रिब्यूट अल्बम केवळ जुने जतन करतो असे नाही. काही वेळा मूळ रचनेचे पुढील रूपही तोच ठरवतो. लेनर्ड कोहेन यांचे 'हॅलेलुया' हे गीत त्यांच्या १९८४ मधील ज्या अल्बममध्ये होते, तो अमेरिकेत प्रसिद्ध करण्यास कोलंबिया कंपनीने नकार दिला होता. १९९१ मध्ये फ्रान्समधील एका संगीत नियतकालिकाच्या पुढाकाराने निघालेल्या 'आय ॲम युवर फॅन' या अल्बमसाठी जॉन केल यांनी हे गीत निवडले. कोहेन यांनी पाठवलेल्या अनेक कडव्यांतून त्यांनी नवी निवड केली आणि केवळ पियानोच्या साथीने ते गायले. जेफ बकली यांनी हीच आवृत्ती आधाराला घेऊन १९९४ मध्ये आपले गीत सादर केले. २००८च्या नाताळात ब्रिटनच्या यादीत या गीताच्या दोन आवृत्त्या पहिल्या दोन क्रमांकांवर होत्या. जगभर पुढे गायले गेलेले 'हॅलेलुया' हे मूळ ध्वनिमुद्रिकेपेक्षा केल यांच्या मांडणीच्या अधिक जवळचे आहे. असे असूनही या मांडणीचे स्वामित्वधन केल यांना मिळत नाही. १९५५ मध्ये लाव्हर्न बेकर यांनी वाद्यसंयोजनाच्या संदर्भात जो प्रश्न विचारला होता, तोच येथे वेगळ्या रूपात पुन्हा उपस्थित होतो.

८. भारतीय संदर्भ

सक्तीच्या परवान्याचे तत्त्व भारतीय कायद्यातही होते. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम ५२ अन्वये, ठरावीक मुदतीनंतर नोटीस व स्वामित्वधन देऊन गीताचे पुनर्ध्वनिमुद्रण करता येत असे. १९८०च्या दशकात कॅसेटच्या प्रसाराबरोबर गुलशन कुमार यांच्या टी-सिरीज कंपनीने या तरतुदीचा मोठ्या प्रमाणावर उपयोग करून जुनी हिंदी चित्रपटगीते नव्या गायकांकडून गाऊन घेतली. सोनू निगम यांनी गायलेली 'रफी की यादें' ही मालिका त्याचे परिचित उदाहरण होय. आठवण हा शब्द शीर्षकातच असल्याने मानवंदना व व्यापार यांची सरमिसळ येथेही दिसते. २०१२च्या दुरुस्तीने ही तरतूद रद्द होऊन नवे कलम ३१-सी आले. त्यानुसार मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे जाणे, वेष्टनावर ही कव्हर आवृत्ती असल्याचे स्पष्ट लिहिणे आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन देणे बंधनकारक झाले. चित्रपटगीतांच्या कर्त्यांचा स्वामित्वधनातील वाटा हस्तांतरित करता येणार नाही, अशीही तरतूद त्याच दुरुस्तीने केली.

रॉक ट्रिब्यूट अल्बमशी मुंबईचा थेट संबंध आला तो २०२१ मध्ये. मेटॅलिका या वाद्यवृंदाच्या १९९१ मधील अल्बमला तीस वर्षे झाल्यानिमित्त 'द मेटॅलिका ब्लॅकलिस्ट' हा ५३ सादरीकरणांचा संग्रह निघाला. त्यात 'द अनफरगिव्हन' हे गीत मुंबईतील विशाल ददलानी, रॅपर डिव्हाइन आणि शोर पोलिस यांनी सादर केले आहे. या संग्रहाचा नफा मेटॅलिकाचे प्रतिष्ठान आणि प्रत्येक कलावंताने निवडलेली सेवाभावी संस्था यांत विभागला गेला. मूळ वाद्यवृंदानेच हा संग्रह काढलेला असल्याने सक्तीच्या परवान्याची मर्यादा ओलांडून अधिक मुक्त मांडणी करण्यास येथे वाव होता.

निष्कर्ष :

१) ट्रिब्यूट अल्बम हा प्रकार कलावंतांच्या आदरभावातून जन्मला असला, तरी १९०९च्या कायद्यातील सक्तीच्या परवान्यामुळेच तो व्यवहारात शक्य झाला.

२) या प्रकारात सन्मान प्रामुख्याने लोकस्मृतीतील नावाला मिळतो, तर स्वामित्वधन श्रेयनामावलीतील नावाला मिळते. ही दोन नावे एक असतील तेव्हाच मानवंदना पूर्ण ठरते. व्हिक्टोरिया विल्यम्स यांचे उदाहरण या दृष्टीने आदर्श आहे.

३) मूळ गायक, वाद्यसंयोजक आणि मौखिक परंपरेतील अनाम कवी यांना या व्यवस्थेत स्थान नाही. थॉर्नटन, बेकर, केल आणि एस्टेस ही भिन्न काळातील उदाहरणे याच उणिवेकडे निर्देश करतात.

४) सेवाभावी ट्रिब्यूट अल्बमनी संगीतकारांना आधार दिला, ही बाब गौरवास्पद आहे. तथापि आजारी कलावंतासाठी सहकाऱ्यांना अल्बम काढावा लागणे हे समाजाच्या आरोग्यव्यवस्थेतील उणिवेचेही लक्षण आहे.

५) ट्रिब्यूट अल्बमचा अभ्यास करताना त्यातील गायनाइतकेच गीतापुढील लहान अक्षरांतील नावांकडे लक्ष देणे आवश्यक आहे. ती नावे म्हणजे संगीताच्या इतिहासातील देण्याघेण्याची खातेवही होय. ज्यांची नोंद या वहीत झाली नाही, त्यांचा शोध घेण्याचे काम इतिहासाच्या अभ्यासकांना करावे लागेल.